ओरिजनल मॅडम

फ्लेक्स आधी आला, बाई नंतर आली.

जामच्या चौकात, चंद्रपूरचा रस्ता जिथे हैदराबादच्या रस्त्यापासून वेगळा होतो तिथे, आमच्या शिक्षणसंस्थेने तो फ्लेक्स उभा केला होता. 'परिसरात प्रथमच! थेट इंग्लंडहून इंग्रजीच्या शिक्षिका!' मधोमध सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, बत्तीस दात दाखवणारी एक बाई. उजव्या कोपऱ्यात हात जोडलेले आमचे अध्यक्ष, आकाराने त्या बाईच्या दीडपट. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. त्यातल्या निम्म्यांना नकाशात इंग्लंड दाखवा म्हटलं असतं तर घाम फुटला असता. ती बाई कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. फ्लेक्सवाल्याने इंटरनेटवरून उचलली होती. पुढे मला तीच बाई वर्ध्याला एका दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर भेटली, आणि तिथे ती जास्त शोभत होती.

खरी बाई अजून यायची होती. परदेशातली एक संस्था तरुण मुलामुलींना एका वर्षासाठी दुसऱ्या देशांतल्या शाळांमध्ये पाठवते. त्यांनी तिथल्या इंग्रजीच्या शिक्षकाच्या हाताखाली राहायचं, मुलांना बोलतं करायचं, आणि वर्ष पूर्ण झालं की ते त्यांच्या शिक्षणात धरलं जातं. अध्यक्षांनी कुठल्याशा ओळखीतून अर्ज केला आणि तो चक्क मंजूर झाला. ज्या शिक्षकाच्या हाताखाली ती येणार होती, तो शिक्षक म्हणजे मी. एकोणीस वर्षं मी त्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझा फ्लेक्स कधी कोणी लावला नाही. लावावा असं मला कधी वाटलंही नाही, असं लिहिणार होते, पण उगाच खोटं कशाला.

जुलैच्या शेवटी तिला घ्यायला नागपूरच्या विमानतळावर आम्ही दोघं गेलो. मी, कारण तिच्याशी बोलायला कोणीतरी हवं होतं. आणि उपमुख्याध्यापक, कारण गाडी आली की ते आत बसतातच. त्यांच्या हातात तिच्या नावाची पाटी होती. दाराकडे डोळे लावून ते टाचा उंचावून उभे होते. तेवढ्यात चोवीस-पंचवीस वर्षांची एक सावळी, बारीक मुलगी पाठीवर मोठी पिशवी घेऊन त्यांच्यासमोर येऊन हसली.

"ओ बाई, जरा बाजूले व्हा," साहेब म्हणाले. "आमची मॅडम येऊन राह्यली."

ती बाजूला झाली नाही. तिने पाटीवरच्या नावावर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचे कागद पाहिले. नाव तेच, फोटो तोच. आमच्याकडच्या वडनेरच्या बाजारात ती भाजी घेताना दिसली असती, तर मी मान वळवूनही पाहिलं नसतं, इतकी ती आमच्यासारखी होती.

परतीच्या वाटेवर साहेबांनी अध्यक्षांना फोन लावला. "हो भाऊ, आली. नाई भाऊ, कागद पाह्यले, बराबर हाय. नाई भाऊ... तशी नाई. आपल्यासारखीच हाय." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी फोनला आडवा हात धरला. तिला मराठी येत नव्हतं, तरी हात धरला. त्यांच्या खात्यावर जमा असलेली ही एकमेव सभ्यता, म्हणून आवर्जून नोंदवते.

शाळेच्या फाटकात लेझीम होतं, ताशा होता, पाच सुवासिनी आरतीची ताटं घेऊन होत्या. ती उतरली. अध्यक्षांनी तिला नमस्कार केला आणि मग वाकून गाडीच्या मागच्या सीटवर पाहिलं, आणखी कोणी उरलंय का म्हणून. कोणी नव्हतं. भाषण आधीच लिहून ठेवलेलं होतं. 'गोऱ्या साहेबाची लेक आज आपल्या अंगणात' असं एक वाक्य त्यांनी सुरू केलं आणि मधेच गिळलं. बाकीचं मात्र जसंच्या तसं वाचलं. त्यात एक आदेश होता. आजपासून संस्थेच्या पाचही शाळांचा एकही इंग्रजी कागद इंग्लंडच्या मॅडमनी तपासल्याशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी 'चेक्ड' असा रबरी शिक्का तयार होऊन आला आणि तो आमच्या जुन्या शिपायाच्या ताब्यात देण्यात आला. हा माणूस शाळेच्या पायाभरणीपासून तिथे होता आणि आदेश म्हणजे आदेश असं मानणारा तो आख्ख्या संस्थेत एकटाच उरला होता.

मग आमच्या स्टाफरूममध्ये संशोधन सुरू झालं. आमच्याकडे माणूस भेटला की पहिल्यांदा गाव विचारतात आणि लगेच आडनाव. आडनाव म्हणजे काय विचारतात, हे मला कोणी सांगायला नको. आम्ही बौद्ध. आजोबा छप्पन साली घरातली भाकर बांधून नागपूरला पायी गेले आणि दीक्षा घेऊन परत आले. माझं आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो एक क्षण थांबतो, तो मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ओळखते. पण या मुलीचं आडनाव कुठेच बसेना. तिच्या पणजीच्या आईला कधीकाळी जहाजात घालून उसाच्या कुठल्या बेटावर मजुरीला नेलं होतं. तिथल्या कारकुनाने ऐकू आलं तसं नाव लिहून घेतलं, आणि पुढे तिचे आजोबा तेच वेडंवाकडं नाव घेऊन इंग्लंडला गेले. आपण मुळात कोण, हे तिला माहीत नव्हतं. आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती, हे तर फारच झालं.

"नाकावरून पाह्यलं तर आपल्यातली वाटते," गणिताचे सर म्हणाले. दुपारच्या सुट्टीत तिने डब्यात काय आणलंय ते पाहून विज्ञानाच्या मॅडमनी तिला पुन्हा बाहेर काढलं. आठवडाभर ती रोज कोणाच्या तरी समाजात जात होती आणि संध्याकाळपर्यंत परत येत होती. पदवीधर माणसं ही. एकाची तर पीएचडी चालू होती, माझ्या माहितीप्रमाणे अजूनही चालू आहे.

"सगळे माझं नाव तीन-तीनदा का विचारतात?" तिने मला विचारलं.

"ऐकायला कमी येतं त्यांना," मी म्हटलं. पुढे केव्हातरी खरं सांगितलं. ती हसत म्हणाली, "म्हणजे मी कुठल्याच खणात बसत नाही."

राहायला ती आमच्याच घरी होती, हिंगणघाटला, वरच्या खोलीत. शाळेने 'सुसज्ज निवास' कबूल केला होता. तो निवास म्हणजे वसतिगृहातली एक खोली होती, जिच्यात निवडणुकीच्या काळातल्या खुर्च्या भरलेल्या होत्या. म्हणून मी तिला घेऊन आले. घरात मी आणि आई, दोघीच. आईचे गुडघे गेलेले. ती जिना चढू शकत नव्हती, म्हणून खालूनच हाका मारायची. "पोरी, जेवाले ये." ही यायची. पहिल्या आठवड्यात तर्रीपोह्यांनी तिच्या डोळ्यांतून पाणी काढलं, दुसऱ्या आठवड्यात तिने वरून आणखी तर्री मागितली. नळ एक दिवसाआड येतो, तो आला की गल्लीत जो गोंधळ उठतो त्यात ती बादली घेऊन बायकांच्या रांगेत उभी राहायला लागली. महिन्याभरात भाजीवालीला "मले नाई पाह्यजे, लय महाग लावलं तुनं" असं सुनावून आली. संकष्टीला गल्लीतल्या बायकांबरोबर केळझरच्या गणपतीला जाऊन आली आणि प्रसादाची पुडी माझ्या आईला दिली. आमच्या घरात प्रसाद घेत नाहीत. आईने ती पुडी कपाळाला न लावता सरळ उघडली, आतला पेढा खाल्ला आणि म्हणाली, "लेकरू हाय, त्याले काय समजते."

तिला आमच्याकडे रुळायला एवढाच वेळ लागला. आम्हाला तिच्याशी रुळता आलं नाही.

वर्गात ती जे करायची ते मला पहिल्यांदा पोरखेळ वाटलं. आठवीच्या वर्गात उभी राहून ती म्हणायची, तुम्ही मला तुमचं एक वाक्य शिकवा, मी तुम्हाला माझं एक शिकवते. मुलं तिला वऱ्हाडी शिकवायची, ती अशी काही तोंडं वाकडी करून बोलायची की वर्ग लोळायचा. मग मुलांची पाळी. आता त्यांच्या चुकांवर हसण्यासारखं काही उरलेलंच नसायचं, कारण मॅडम त्यांच्यापेक्षा जास्त चुकून मोकळ्या झालेल्या. बोलायची सगळी. चुकतमाकत, ओरडून, एकमेकांच्या आधी.

त्या वर्गात शेवटच्या बाकावर गोंडांची एक मुलगी बसायची. जंगलाच्या कडेच्या पाड्यावरून यायची, घरी त्यांची स्वतःची भाषा बोलायची. पाचवीपासून मी तिला शिकवत होते. तीन वर्षांत तिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकला होता. "उभी राहा, बोल," असं मी तिला इतक्यांदा म्हटलं असेन की ते वाक्यही तिला पाठ झालं असेल. ती उभी राहायची, बोलायची नाही. या बाईने तिला उभं केलंच नाही. तिच्या बाकावर शेजारी जाऊन बसली आणि तुमच्या घरी याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, विचारत सुटली. वर्गात कोणालाच न येणारी भाषा त्या पोरीला एकटीला येत होती. त्या दिवशी ती मास्तरीण झाली. दसऱ्यापर्यंत ती इंग्रजीत भांडत होती.

मला आनंद झाला असेल असं कोणाला वाटेल. मला राग आला. एकोणीस वर्षांचा राग होता तो आणि तो मी दारात उभी राहून गिळत होते.

पालकांना मात्र फ्लेक्सवरची बाई हवी होती. ऑक्टोबरात पालकसभा झाली. अध्यक्ष मंचावर, ती त्यांच्या बाजूला, आणि मी तिच्यामागे भाषांतराला. एक बाप उठला. चांगला बागायतदार, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"भाऊ, फ्लेक्सवर एक मॅडम अन् वर्गात एक मॅडम, हे काऊन?"

"ह्या मॅडम इंग्लंडच्याच आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"असतीन. पण ओरिजनल नाई वाटत. आमच्या वावरात अशा दहा बाया कापूस वेचून राह्यल्या."

सभा खो खो हसली. ज्या बायकांच्या जोरावर याच्या घरात कापूस येतो त्या बायकांवर हसली. हसणाऱ्यांत आमचे गणिताचे सर होते, ज्यांची आई आयुष्यभर वेचायला गेली. आणि मी काय केलं? तिला वऱ्हाडी बाजारापुरतंच येतं असं धरून मी वाकून तिच्या कानात इंग्रजीत सांगितलं की पालक तुमच्या कामावर खूश आहेत.

परतताना ऑटोत ती बराच वेळ बाहेर बघत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मग म्हणाली, "ताई, वेचणं अवघड असतं का? मला शिकवाल?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला सगळं समजलं होतं. आठवीच्या पोरांनी शब्द शिकवताना काही गाळलं नव्हतं. मी गप्प बसले. गप्प बसण्यात मी पारंगत आहे.

दिवाळीच्या आधी इंग्लंडहून आलेल्या एका फॉर्मवर अध्यक्षांची सही व्हायची होती. बाई ठीक आहे, पुढे ठेवतो, एवढंच त्यात होतं. सही झाली तर ती उन्हाळ्यापर्यंत राहणार. नाही झाली तर परत, आणि गेलेले महिने वाया. तिच्याकडे अर्धं वर्ष धरत नाहीत. एका वर्षासाठी ती तिथलं शिक्षण थांबवून आली होती. हे तिने मला आणि आईला जेवताना सांगितलं होतं, आणि आई तेव्हापासून रोज मला विचारायची, "झाली का वो पोरीची सही?"

पालकसभेनंतर चौथ्या दिवशी अध्यक्षांनी मला बोलावलं. टेबलावर तो फॉर्म होता, कोराच.

"मॅडम, एक पत्र लिहाचं हाय इंग्लंडले," ते म्हणाले. "मुलांना या मॅडमचे उच्चार समजत नाई. आपलं हवामान त्यायले मानवत नाई. तरी सुटेबल उमेदवार पाठवावा. असं, जरा चांगल्या भाषेत. तुमचं इंग्रजी एकदम चांगलं हाय."

एकोणीस वर्षांत माझ्या इंग्रजीला चांगलं म्हणणारा तो पहिला माणूस.

"सुटेबल म्हणजे, भाऊ?"

"तुमाले समजते, मॅडम." ते हसले. मग कागद सारखे करता करता म्हणाले, "आष्टीकडच्या शाळेत इंग्रजीची जागा खाली झाली. पाहून राह्यलो कोनाले पाठवावं."

आमच्या संस्थेत आष्टी हे गाव नाही, ती शिक्षा आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला ती शाळा. रोजचं जाणं-येणं शक्य नाही. तिथे राहायचं तर आईला कोणाच्या भरवशावर ठेवायचं? हे सगळं त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते कागद सारखे करत होते. उठून सांगायला हवं होतं की भाऊ, आठवीच्या वर्गात येऊन एकदा बसा. आजोबा पायी नागपूरला गेले होते, मला खुर्चीतून उठायचं होतं फक्त. मी शेपूट घातली. "लिहिते," म्हटलं.

तिसऱ्या तासाला मला वर्ग नव्हता. रिकाम्या स्टाफरूममध्ये बसून मी ते पत्र लिहिलं. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी आणि ती करताना आजही तोंड कडू होतं. लिहायला मजा आली. इतकी वर्षं मी 'माझी आवडती सहल' आणि आजारपणाचा रजेचा अर्ज शिकवला होता. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या इंग्रजीला खरं काम मिळालं होतं. शब्द निवडून निवडून लिहिलं. मुलांना तिचं बोलणं कळत नाही, हे धडधडीत खोटं मी असं सभ्य भाषेत गुंडाळलं की वाचणाऱ्याला आमचीच दया यावी. पत्र मी पाकिटात घातलं नाही. अध्यक्षांच्या सहीसाठी ठेव आणि मग पोस्टात टाक, असं सांगून शिपायाच्या हातात दिलं आणि सातवीच्या वर्गावर गेले.

परत आले तेव्हा पत्र माझ्या टेबलावर होतं. वर निळ्या शाईत 'चेक्ड' असा शिक्का.

शिपाई दारातच उभा होता. "तिच्याकडे काऊन नेलं?" मी विचारलं.

"भाऊचा आदेश हाय ना मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "इंग्रजी कागद मॅडमनं तपासल्याबिगर फाटकाबाहेर नाई. आदेश कोनी मागं घेतला का?"

कोणी घेतला नव्हता. तिचं इंग्रजी ओरिजनल नाही अशी सगळ्यांची खात्री पटली होती, पण पाचही शाळांचे अर्ज, अहवाल आणि बिलांवरची पत्रं तिच्याकडे जायची थांबली नव्हती, कारण थांबवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. रोज दुपारी ती तो गठ्ठा घेऊन बसायची आणि हिरव्या पेन्सिलीने तपासून द्यायची. हेही तिने तसंच तपासलं होतं. एक स्वल्पविराम घातला होता. दोनदा आलेला एक शब्द एकदा खोडला होता. आणि मुलांना तिचं बोलणं कळत नाही हे माझं लांबलचक वाक्य तोडून तिने त्याची दोन छोटी वाक्यं केली होती. आता ते जास्त पटत होतं. समासात कुठे प्रश्नचिन्ह नाही, रेघ नाही, काही नाही. जणू दुसऱ्याच कोणाबद्दल लिहिलेलं.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारख्या एकाच ऑटोत बसलो. मी वाट पाहत होते, ती आता बोलेल, रडेल, शिव्या घालेल. शिव्याही तिला पोरांनी शिकवलेल्या होत्या. तिने पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या, अर्ध्या माझ्या ओंजळीत टाकल्या. मग तिने मला वऱ्हाडीत विचारलं, "ताई, आष्टी लय दूर हाय का?"

शिपायानेच सांगितलं असणार. आमच्याकडे भिंतींना कान नसतात, शिपाई असतात.

"हो," मी म्हटलं.

"अन् आई?"

मी ओंजळीतल्या शेंगा तिच्या पिशवीत परत टाकल्या.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं. पत्र फाडायला तेव्हाही वेळ होता. सकाळी शाळेत जाऊन मी तिच्या दुरुस्त्या घेऊन ते स्वच्छ उतरवून काढलं आणि अध्यक्षांच्या सहीला पाठवलं. तिने तपासलेलं पत्र कशाला वाया घालवायचं, असं मी स्वतःला सांगितलंसुद्धा. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो.

दिवाळीनंतर उत्तर आलं. बाईला परत बोलावून घेत आहोत. दुसरा उमेदवार मात्र पाठवता येणार नाही, कारण आपलं पत्र इतक्या उत्तम इंग्रजीत आहे की आपल्या शाळेला बाहेरच्या मदतीची गरज असेल असं वाटत नाही. कोणीतरी त्यांच्याकडेही टोमणे मारणारं असणार. अध्यक्षांना टोमणा कळला नाही. त्यांनी त्या उत्तराला चौकट करून ते कार्यालयात लावलं. 'पाहा, इंग्लंडनं आपल्याले सर्टिफिकेट देल्लं,' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. चौकट अजून तिथे आहे. जामच्या चौकातला फ्लेक्सही अजून आहे. उन्हाने त्या सोनेरी बाईचं तोंड पांढरं पडलं आहे, अध्यक्ष मात्र टिकून आहेत.

निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, आरती, आणि 'आम्ही तुम्हाला विसरणार नाही' असं सगळ्यांनी रांगेत येऊन सांगणं, सगळं यथासांग. मी इंग्रजीत चार शब्द बोलले. तिने आईला मिठी मारली, ती बराच वेळ सोडली नाही. आईला वाटत होतं की पोरीला घरची आठवण आली म्हणून ती चालली. तिला खरं काय ते मी सांगितलेलं नाही. ती अजून म्हणते, "बरं केलं गेली, मायबाप वाट पाह्यत असतीन."

आष्टीला, त्या इंग्रजीच्या जागेवर, गणिताचे सर गेले.

ती गेल्यानंतरच्या सोमवारी मी आठवीच्या वर्गात गेले. फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, वळले, तर मागच्या बाकावरची ती मुलगी उभी होती. कोणी उठवलं नव्हतं. ती सरळ माझ्याकडे पाहत होती. तिने इंग्रजीत विचारलं, मॅडमना परत कोणी पाठवलं? वाक्यात एकही चूक नव्हती. आवाज खणखणीत होता.

तीन वर्षं मी त्या मुलीला म्हणत होते, उभी राहा, बोल. त्या दिवशी मी तिला म्हटलं, खाली बस.